यात्रिकाच्या वाटेवरील कुरण

फुलंब्रीहून सिल्लोडास जाणारा वाटसरू गावे ओळखीत चालतो. मनाची गावे मात्र कोणत्या नकाशात पाहावीत? जॉन बन्यन याने १६७८ साली छापिलेल्या ग्रंथात गुणदोषांचीच गावे, डोंगर व दलदली कल्पिल्या. हरि केशवजी यांनी १८४१ साली तो ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणिला. पुढे कित्येक इंग्रजी आवृत्तींस त्या वाटेचा नकाशाही जोडला गेला.

त्यांतील एक स्थळ आम्हांस दलदलीहूनही भयंकर वाटते. खडकाळ रस्त्यास लागूनच मऊ कुरण आहे. मध्ये केवळ कुंपण. पाय दुखावले म्हणून यात्रिक पलीकडे उतरतो, कचरणाऱ्या सोबत्यासही नेतो, आणि दोघे निराशा राक्षसाच्या संशयगडात कोंडले जातात. किल्ली सर्व वेळ यात्रिकाच्याच उराशी होती. तिचे नाव वचन.