शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं म्हणतो, रविवारी काहीच नसतं. औंदा सोयाबीन पाण्यात गेलं, घरात कटकट असते. काय करू?
– एक आई, हट्टा (ता. वसमत)

उत्तर : ताई, तो नाटक करत नाही. मनावरच्या ताणानं मुलांचं पोट खरोखर दुखतं. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. शाळेत कुणी मारतं, चिडवतं का, हे न रागावता विचारा, वर्गशिक्षकांना भेटा. शाळा मात्र बुडवू देऊ नका, सुट्टी लांबली की भीती वाढते. कर्जाची भांडणं त्याच्यासमोर नकोत, पण ‘अडचण आहे, तुझी चूक नाही’ एवढं सांगाच. आणि तुमची झोप उडाली असेल, तर तेही दुखणंच. १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. आजच फोन करा.