झाकलेले काम

घर बांधून पूर्ण झाले, दारावर तोरण चढले, वास्तुशांत झाली, की गावातील मंडळी नवे घर पाहावयास येतात. कोणी भिंतीच्या रंगाची वाखाणणी करतो, कोणी गुळगुळीत फरशीवरून हात फिरवितो, कोणी खिडक्यांची नक्षी न्याहाळतो. परंतु पाया किती खोल गेला आहे, स्लॅबच्या पोटात सळया किती आहेत, भिंतींवर पाणी किती दिवस मारले, असे विचारणारा पाहुणा विरळाच. या प्रश्नांची खरी उत्तरे ज्याला पुरती ठाऊक असतात, तो माणूस म्हणजे ते घर बांधणारा ठेकेदार. खेड्यात त्याला सारे जण आदराने 'मिस्त्री' म्हणतात. मुलांनो, आज आपण या मिस्त्रीच्या धंद्याची ओळख करून घेऊ.

मिस्त्री कोणाचा नोकर नसतो. त्याला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळत नाही, भरपगारी रजा मिळत नाही आणि म्हातारपणी निवृत्तिवेतनही मिळत नाही. एखादे काम ठरलेल्या मोबदल्यात पुरे करून देण्याची हमी तो घेतो. यालाच ठेका किंवा मक्ता म्हणतात. कधी विटा, वाळू, खडी, सिमेंट आणि लोखंड हा सारा माल मालक आणून देतो व मिस्त्री केवळ मजुरीचा ठेका घेतो. कधी माल आणि मजुरी ही दोन्ही मिस्त्रीच्याच अंगावर असतात. काम नीट पार पडले तर चार पैसे त्याच्या गाठीला राहतात. हिशेब चुकला तर तोटाही त्यालाच सोसावा लागतो.

ही विद्या तो बहुधा कामावरच शिकतो. आरंभी तो बिगारी असतो. डोक्यावर घमेले घेऊन माल वाहतो. मग जुन्या गवंड्याच्या हाताखाली थापी धरतो, विटेवर वीट बसवू लागतो, गिलाव्यावर रंधा फिरवू लागतो. पुष्कळ वर्षांनी त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो आणि मग तो स्वतःच्या जबाबदारीवर काम घेतो.

ठेका घेण्यापूर्वी त्याला अंदाज बांधावा लागतो, आणि येथे गणिताची गाठ पडते. बांधकामात 'ब्रास' हे माप चालते. वाळू, खडी किंवा काँक्रीट मोजताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा किंवा फरशी मोजताना १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. समजा, एका खोलीवर १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ५ इंच जाड स्लॅब टाकावयाचा आहे. त्याचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट झाले. जाडी ५ इंच, म्हणजे एका फुटाचे पाच-बारांश. त्यावरून काँक्रीट ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास लागेल. असा हिशेब कित्येक मिस्त्री कागदावाचून, उभ्या उभ्या तोंडी करतात.

भूमिपूजन झाल्यावर जमिनीवर आखणी होते. खोलीचा कोपरा नेमका काटकोनात आहे हे मिस्त्री कसे ओळखतो? तो कोपऱ्यातून दोन दोऱ्या ताणतो. एका दोरीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर. या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले की कोपरा काटकोनात आला. भूमितीच्या पुस्तकातील पायथागोरसचा सिद्धांत असा रोज दोरीवर तपासला जातो. भिंत उभी सरळ आहे की नाही, ते ओळंबा सांगतो. दोरीच्या टोकाला टांगलेले ते वजन नेहमी सरळ खाली लोंबते. जमिनीच्या दोन टोकांची पातळी पाहण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नसेल, तर तिच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीवर स्थिर होते. ओळंबा आणि पाणी कोणाची भीड धरीत नाहीत. मालक गरीब असो वा श्रीमंत, त्यांची साक्ष एकच असते.

मिस्त्रीचा दिवस लवकर उजाडतो. कामावर येताच तो माणसे मोजतो. कोणाच्या घरी लग्न असते, कोणाचे मूल आजारी असते, कोणाला स्वतःच्या शेतात पाणी द्यावयाचे असते. आलेल्या माणसांत कामाची वाटणी करावी लागते. विटा आधीच पाण्यात भिजत घातलेल्या असतात; कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. सिमेंटची प्रत्येक गोणी ५० किलोची. ती ओलीपासून जपण्यासाठी फळ्यांवर रचून ठेवतात. ओल लागून गठ्ठे झालेले सिमेंट चांगला मिस्त्री वापरीत नाही. दुपारी झाडाच्या सावलीत भाकरी खाऊन घटकाभर विसावा होतो. संध्याकाळी अवजारे धुऊन ठेवली, हजेरीची वही लिहिली, म्हणजे दिवस संपला.

आता या धंद्याचे मर्म पाहू. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या बऱ्याच भागांत काळी जमीन आहे. ती कापसाला चांगली, परंतु घराला वाईट. कारण पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून काळी माती ओलांडून खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो. अशा वेळी मालक आणि मिस्त्री यांच्यात पुढीलप्रमाणे बोलणे होते :

"मिस्त्री, शेजाऱ्यांचा पाया तर अडीच फुटांवरच थांबला. तुम्ही अजून किती खाली जाणार?"

"अण्णा, अजून काळी माती संपली नाही. मुरूम लागल्यावाचून मला दगड बसविता येणार नाही."

"अहो, माल वाढतो, दिवस वाढतात. मातीखाली गेलेले कोणाला दिसणार आहे?"

"आज दिसणार नाही, अण्णा. दोन पावसाळे गेले, म्हणजे भिंतीवर दिसेल."

येथे ध्यानात घ्या, की खोल खणण्यात मिस्त्रीचाही लाभ नसतो. मजुरीची रक्कम आधीच ठरून गेलेली असली, तर वाढलेल्या दिवसांची मजुरी त्याच्याच पदरची जाते. मालकाच्या सूचनेला मान डोलाविली तर दोघांचेही पैसे वाचतात आणि पाया बुजविल्यावर कोणाला काही कळतही नाही. तरीही जो खणावयास सांगतो, तोच खरा मिस्त्री.

झाकलेल्या कामातील उणीव कोणत्या थराला जाऊ शकते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पाहिले. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे घरांच्या ढिगाऱ्याखाली मृत्युमुखी पडली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या रुंद होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्या किल्ल्यासारख्या भक्कम वाटत. परंतु भिंतीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली असे. मध्ये दगडांचे तुकडे आणि माती भरलेली असे. दोन्ही बाजूंना एकत्र बांधणारे आरपार लांब दगड त्यांत नव्हते. वर लाकूड आणि मातीचे जड माळवद होते. जमीन हादरताच भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आले. त्या घरांच्या रचणाऱ्यांनी कोणाला फसविले होते असे नव्हे. त्यांना वडिलांनी शिकविली तशीच ती रीत होती. भूकंपानंतर झालेल्या घरबांधणीत, भिंती एकमेकींना जखडणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांचे आणि आरपार दगडांचे महत्त्व गावोगावच्या गवंड्यांना शिकविण्यात आले. भिंत रुंद असणे पुरेसे नाही. ती आतून जोडलेली असली पाहिजे, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे पाणी. सिमेंट वाळले म्हणजे घट्ट झाले, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन काँक्रीटला बळकटी येते आणि ही क्रिया हळूहळू, दिवसेंदिवस चालू राहते. म्हणून नवे काँक्रीट किमान ७ दिवस, आणि राख मिसळलेले सिमेंट असल्यास किमान १० दिवस, सतत ओले ठेवावे लागते. आता अडचण पाहा. खेड्यात बांधकामाचा भर उन्हाळ्यात असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. कित्येक गावांना पिण्याचे पाणीही टँकरने आणावे लागते. अशा वेळी भिंतीवर पाणी मारा, असे कोणत्या तोंडाने सांगावे? शहाणा मिस्त्री मार्ग काढतो. स्लॅबवर मातीच्या लहान लहान पाळी घालून तो पाणी कोंडतो. खांबांना ओले बारदान गुंडाळतो. थोडे पाणी बराच वेळ टिकते. मात्र पाणी मुळीच मिळत नसेल, तर स्लॅबचा दिवस पुढे ढकलण्याचे धैर्यही त्याच्यापाशी असावे लागते.

धैर्याचा कस आणखी एका दिवशी लागतो. तो दिवस म्हणजे आठवडी बाजाराचा. त्या दिवशी मजुरांना आठवड्याची मजुरी द्यावयाची असते. तिच्यावर त्यांचे तेलमीठ अवलंबून असते. मालक मिस्त्रीला पैसे हप्त्यांनी देतो : पाया झाल्यावर काही, स्लॅब झाल्यावर काही, गिलावा झाल्यावर उरलेले. शेतकऱ्याचा पैसा पिकावर येतो. कापसाचा भाव पडला की हप्ता लांबतो. मालकाचा हप्ता थांबला तरी मजुराची चूल थांबत नाही. म्हणून मिस्त्री उसनवारी करून का होईना, पण मजुरी चुकती करतो. जो एकदा मजुरांना रिकाम्या हाताने परत पाठवितो, त्याच्या हाकेला पुढच्या वेळी कोण धावून येणार?

पावसाळा लागला की पेरण्या सुरू होतात, मजूर शेतावर जातात आणि मिस्त्रीची बहुतेक कामे थंडावतात. उन्हाळ्यातील कमाई तेव्हा पुरवून पुरवून वापरावी लागते. या कामात धोकाही आहे. परांचीचा एखादा बांबू निसटला तर माणूस जन्माचा अधू होतो. अशा कामगारांसाठी १९९६ साली केंद्र सरकारने कायदा केला. १८ ते ६० या वयाच्या ज्या कामगाराने मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, त्याला कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदविता येते आणि नियमांप्रमाणे साहाय्य मिळू शकते. आपल्या माणसांची नोंदणी करून घेण्यास लावणे, हेही चांगल्या मिस्त्रीचे कर्तव्य होय.

खेड्यात कोणताही मिस्त्री आपल्या नावाची जाहिरात करीत नाही. त्याने दहा वर्षांपूर्वी बांधलेली भिंत अजून ओळंब्यात उभी असते. तीच त्याची जाहिरात. तडा गेलेली भिंतही बोलते, आणि तिचे बोलणे अधिक दूर पोहोचते. म्हणून विश्वास हेच त्याचे भांडवल.

मुलांनो, प्रत्येकाच्या कामात असा एक भाग असतो, की जो पुढे झाकला जातो आणि कोणी तपासीत नाही. विद्यार्थ्याच्या अभ्यासातही तो असतो. उत्तर पाठ केले की समजून घेतले, हे त्या दिवशी वहीवरून कळत नाही. परंतु पुढचे वर्ग त्यावरच उभे राहावयाचे असतात. पाया बुजविण्यापूर्वी तो मुरमापर्यंत गेला आहे की नाही, हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते.

अभ्यास

१. मजुरीची रक्कम आधीच ठरलेली असताना खोल पाया खणल्याने मिस्त्रीचे कोणते नुकसान होते? तरीही तो का खणतो?

२. किल्लारी परिसरातील रुंद भिंती भूकंपात का टिकल्या नाहीत?

३. 'सिमेंट वाळले म्हणजे घट्ट झाले' ही समजूत चुकीची का आहे?

४. 'ओळंबा आणि पाणी कोणाची भीड धरीत नाहीत' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. एक लांब दोरी घेऊन ३, ४ आणि ५ फुटांच्या मापाने तुमच्या वर्गाचा कोपरा काटकोनात आहे का, ते तपासून पाहा.

६. तुमच्या गावातील एखाद्या मिस्त्रीला भेटा आणि त्याच्या एका दिवसाचे वर्णन दहा ओळींत लिहा.