वनकर्म : एक कर्मादान आणि आपली पेढी

गतवर्षी आमच्या एका सभासदबंधूंचे चिरंजीव सल्ला विचारण्यास पेढीवर आले. खासगी मालकीची रानजमीन साफ करून देण्याचा ठेका त्यांस मिळत होता व त्यात नफाही बरा होता. ते म्हणाले, "काका, कुऱ्हाड काही मी हाती धरणार नाही, मजूर धरतील. मग मला दोष कसा लागेल?" आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. त्यानंतर चातुर्मासात जे ग्रंथ चाळले, त्यांतील विचार सभासदांपुढे ठेवीत आहोत.

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. तेथे उपभोग-परिभोग परिमाण व्रताच्या प्रकरणी श्रावकाने टाळावयाची 15 कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत पहिले अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणे वगैरे अग्नीचे धंदे, आणि दुसरे वनकर्म. पुढे जमीन फोडण्याचे स्फोटकर्म येते, आणि रानास आग लावण्याचे दवदान तर स्वतंत्रच मोजले आहे. रान साफ करणाऱ्याचा क्रम डोळ्यांसमोर आणावा. आधी झाडे पाडावयाची, मग पालापाचोळा पेटवावयाचा, उरल्या लाकडांचा कोळसा करावयाचा आणि शेवटी जमीन नांगरावयाची. आपल्या घाटमाथ्यावर पूर्वी चालणारी कुमरी शेती बहुतांशी अशीच होती. एका ठेक्यात चार कर्मादाने येतात, हे आमच्या पूर्वी ध्यानात आले नव्हते.

झाड पाडणे हे मोठ्या कसबाचे काम आहे, हेही मान्य केले पाहिजे. जाणता तोड्या प्रथम झाडाचा झुकाव व वारा पाहतो आणि स्वतःस मागे सरकण्याची वाट मोकळी करून ठेवतो. ज्या बाजूस झाड पाडावयाचे त्या बाजूस बुंध्याच्या जाडीच्या सुमारे चौथाईइतकी खाच घेतो. मग विरुद्ध बाजूने किंचित वर करवत घालतो आणि मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता राखतो. तीच पट्टी बिजागरीसारखी वळते व झाड योजल्या जागी पडते. घाईने ती पट्टीच कापली, तर झाड कोठे पडेल याचा नेम नाही व माणूस जिवास मुकतो. सागवान तोडताना खुंट जमिनीलगत व उतरता ठेवतात. त्यावर पाणी साचत नाही आणि पावसाळ्यात नवे धुमारे फुटतात. साफसफाईच्या ठेक्यात मात्र पैसे मिळतात ते खुंट मुळासकट उपटण्याचे. जांभळाच्या झाडाखालच्या सहा माणसांचा लेश्येचा दृष्टांत आपण पाठशाळेत ऐकला आहे. त्यांतील कृष्णलेश्येचा माणूस मुळावरच घाव घालू पाहतो. तोडणे आणि साफ करणे यांतील अंतर त्या दृष्टांताने अचूक दाखविले आहे.

आता हेमचंद्राचार्यांकडे वळू. बाराव्या शतकात राजा कुमारपालासाठी रचलेल्या योगशास्त्रात त्यांनी वनजीविकेची व्याख्या केली आहे. तोडलेले वा न तोडलेले वन, पाने, फुले, फळे विकणे ही वनजीविका, आणि त्याच श्लोकात धान्य भरडून व दळून उपजीविका करणे हीही वनजीविकाच! हे वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. आमच्या पेढीची तूरडाळीची गिरणी आज कित्येक वर्षे चालू आहे. त्या तरुणास उपदेश करावयास निघालेले आम्ही त्याच ओळीत उभे होतो.

दिगंबर परंपरेतील पं. आशाधर यांनी तेराव्या शतकात माळव्यात सागारधर्मामृत रचले. ते या 15 च्या यादीवरच आक्षेप घेतात. जगातील सावद्य कर्मे अगणित असताना 15 मोजून काय होणार, फार तर ही यादी अतिजड बुद्धीच्या लोकांसाठी समजावी, असे त्यांचे म्हणणे. आम्ही स्वतःस त्या अतिजडांतच धरतो, कारण यादी होती म्हणूनच आमचे डोळे उघडले.

मजुरांकरवी करविल्याने दोष टळतो काय? कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन प्रकार सर्वांस ठाऊक आहेत. गृहस्थास अनुमोदनाची सवलत असली, तरी करविण्याची नाही. याचा अनुभव आम्हांस आहे. गोदाम बांधताना आम्ही ठेकेदारास "जागा साफ करा" एवढेच सांगितले होते. फाल्गुन महिना होता. जुनी जांभळ पाडली तेव्हा ढोलीतून पोपटाची पिले खाली पडली. शब्द आमचा होता.

ठेक्यात व्यवहाराच्याही दोन गोष्टी आहेत. पहिली मापाची. लाकूडव्यापारात ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात व लांबीने गुणितात. घेर 4 फूट व लांबी 10 फूट असल्यास 10 घनफूट भरतात. वास्तविक गोल ओंडक्यात सुमारे 12.7 घनफूट लाकूड असते. साल व करवतीतील तूट धरून ही रीत पडली असे म्हणतात. ती ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याचे मात्र पाचव्या हिश्शाहून अधिक लाकूड बिनमोल जाते. दुसरी गोष्ट कायद्याची. कर्नाटकात 1976 चा व गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा असून खासगी जमिनीवरील तोडीसही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीचे बंधन आहे. वनजमिनीस 1980 चा केंद्रीय कायदा लागू आहे, आणि 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 'वन' या शब्दाचा अर्थ मालकी न पाहता व्यापक केला. खोटे माप आणि राज्याच्या नियमाचे उल्लंघन हे दोन्ही तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचेच अतिचार सांगितले आहेत.

आनंद श्रावकाने मात्र सर्व सोडले नाही. 500 नांगर आणि 1000 गाड्या एवढी मर्यादा त्याने घातली व ती पाळली. त्या तरुणास आम्ही हेच वाचून दाखविले आणि गिरणीची गोष्टही लपविली नाही. त्याने ठेका सोडला. आम्ही गिरणीत दुसरी चक्की बसविण्याचा बेत रद्द केला असून, चातुर्मासात आहे ती चक्की सूर्यास्तानंतर बंद ठेवतो. गिऱ्हाईक कधी कधी कुरकुरते.