घटक ४ : ‘माणूस’ – पोलीसपटातील वास्तव आणि भावसत्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• वास्तव, वास्तवाभास आणि भावसत्य या संकल्पनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• ‘माणूस’ या चित्रपटाचे या तीन निकषांवर परीक्षण करता येईल.
• कोणत्याही पोलीसपटाविषयीचे आपले मत कारणे देऊन मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पोलिसांच्या जीवनावरील चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा दोनपैकी एक उद्गार काढतो : ‘अगदी खरे दाखवले आहे’ किंवा ‘असे कुठे असते का?’ हे दोन्ही उद्गार प्रामाणिक असतात. परंतु ते समीक्षा नव्हेत. ‘खरे’ म्हणजे नेमके काय, हे सांगितल्याशिवाय त्यांना मूल्यमापनाचे रूप येत नाही. आपल्यापैकी काहीजण स्वतः पोलीस दलात नोकरी करीत हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील; काहींच्या घरी खाकी गणवेश दररोज खुंटीवर टांगला जात असेल. अशा वाचकाला हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता उरत नाही. पडद्यावर जो पोलीस दिसतो, त्यावरूनच समाज प्रत्यक्षातील पोलिसाकडे पाहत असतो.

या प्रश्नाचा विचार आपण पुण्यात निर्माण झालेल्या एका चित्रपटाच्या आधारे करणार आहोत. तो चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘माणूस’ (१९३९).

४.३ विषय-विवेचन

४.३.१ निर्मितीची पार्श्वभूमी

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापूर येथे झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आली. ‘माणूस’ हा चित्रपट मराठीत आणि ‘आदमी’ या नावाने हिंदीत निघाला. शाहू मोडक यांनी गणपत या पोलीस शिपायाची, तर शांता हुबळीकर यांनी मैना या वेश्येची भूमिका केली. संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. पुढे प्रभातच्या याच वास्तूत १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण देणारी शासकीय संस्था सुरू झाली. आज आपण ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो.

कथानक थोडक्यात असे : पोलिसांच्या धाडीच्या रात्री गणपत मैनेला वाचवतो. दोघांमध्ये प्रेम निर्माण होते. तिने हा व्यवसाय सोडावा, यासाठी तो प्रयत्न करतो. परंतु त्याची श्रद्धाळू, जुन्या वळणाची आई आणि मैनेच्या मनातील अपराधभाव यांपुढे तो प्रयत्न टिकत नाही. पुढे मैनेच्या हातून तिला छळणाऱ्या नातलगाचा खून होतो. तिला तुरुंगातून सोडवण्याची तयारी गणपत दाखवतो. ती नकार देते.

४.३.२ वास्तव आणि वास्तवाभास

‘माणूस’मधील अंधाऱ्या गल्ल्या, अरुंद बोळ आणि कोंदट खोल्या पाहताना आपण एखाद्या मोठ्या शहराच्या बदनाम वस्तीत उभे आहोत असे वाटते. प्रत्यक्षात या चित्रपटाचे बहुतांश चित्रीकरण उभारलेल्या देखाव्यांवर, योजनापूर्वक केलेल्या प्रकाशयोजनेत झाले. म्हणजे जिला आपण ‘खरी’ गल्ली म्हणतो ती सुतारांनी व रंगाऱ्यांनी घडवलेली होती. याला वास्तवाभास म्हणतात. गणवेश, चौकी, बोलीभाषा हे सारे तपशील वास्तवाभासाची साधने आहेत. ते अचूक असणे चांगलेच. परंतु तेवढ्याने चित्रपट वास्तवदर्शी होत नाही. सर्व तपशील बिनचूक असूनही चित्रपट खोटा असू शकतो.

मग वास्तव कशात शोधावे? पात्राच्या वागण्यामागील कारणांमध्ये आणि त्या वागण्याच्या परिणामांमध्ये. या चित्रपटातील ‘कशाला उद्याची बात’ या गाण्याचे उदाहरण घ्या. त्यात मराठीबरोबर इतर अनेक भारतीय भाषांतील कडवी आहेत. वरवर पाहता हा मनोरंजनाचा प्रकार वाटतो. परंतु ज्या वस्तीत निरनिराळ्या प्रांतांतून गिऱ्हाईक येते, तिथे ज्याची जी भाषा तिच्यात त्याला रिझवणे हा पोटाचा प्रश्न असतो. गाण्यामागे उभे असलेले हे आर्थिक कारण लक्षात घेतले, की गाणे वास्तवाचा भाग होते.

चित्रपट कृत्रिमतेविषयी किती सावध आहे, याचे दुसरे उदाहरण म्हणजे प्रेमी युगुल शहराबाहेर फिरत असता त्यांना दिसणारे चित्रीकरण. तेथे बॉम्बे टॉकीजच्या धर्तीच्या प्रेमगीताची तालीम चालू असते आणि तिचे विडंबन केले आहे. पडद्यावरचे सोपे प्रेम आणि शिपाई व वेश्या यांचे अवघड प्रेम शेजारी ठेवून दिग्दर्शक आपल्याला तुलना करायला लावतो.

४.३.३ भावसत्य

भावना जागवणे अवघड नसते. तिची किंमत चुकवून ती जागवणे अवघड असते. एखादा चित्रपट पात्रांसमोरील खरी अडचण योगायोगाने दूर करतो आणि आपल्याला रडवतो किंवा हसवतो, तेव्हा त्या भावनेला भावविवशता म्हणतात. अडचण तशीच ठेवून पात्राच्या दुःखाशी आपल्याला जोडतो, तेव्हा भावसत्य साधते.

‘माणूस’पुढे दोन सोपे मार्ग होते. पहिला मार्ग विवाहाचा. गणपतच्या आईचे मन अचानक पालटले असते, तर प्रेक्षक सुखावला असता. परंतु १९३९ च्या समाजात मैनेला त्या उंबरठ्याच्या आत इतक्या सहज जागा मिळाली नसती. दुसरा मार्ग आत्मनाशाचा. चार वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, प्रमथेश बरुआ यांचा ‘देवदास’ आला होता आणि प्रेमभंगातून स्वतःला संपवणारा नायक लोकप्रिय झाला होता. ‘माणूस’ हे त्याला दिलेले उत्तर मानले जाते. येथे प्रेम अयशस्वी ठरते, पण जगणे थांबत नाही.

४.३.४ चिकित्सा : मैनेचा नकार

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. मैना सुटकेला नकार का देते? याची दोन उत्तरे संभवतात. एक असे, की सुटका स्वीकारली तर शिपायाला कायदा मोडावा लागेल. ज्याने तिला माणूस म्हणून वागवले त्याचा नाश ती होऊ देत नाही. दुसरे असे, की ‘पतित’ स्त्रीने शिक्षा भोगावी हा समाजाचा संकेत चित्रपटाने मोडलाच नाही. गणपतसमोर आयुष्य मोकळे आहे, मैनेसमोर तुरुंगाची भिंत. दोन्ही उत्तरांना चित्रपटात आधार आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, चित्रपट ही विषमता लपवत नाही, हेच त्याचे बळ आहे. ‘माणूस’ हे शीर्षक गणपतपुरते घेतले, तर ते लहान होते. माणूस म्हणून कोणाची गणना होते, हा प्रश्न ते विचारते. आणि त्याचे उत्तर मैनेच्या बाजूने देणारा समाज चित्रपटात कोठेही दिसत नाही.

मर्यादाही नोंदवली पाहिजे. गणपत हा ब्रिटिश अमलाखालील पोलीस आहे. त्याच गणवेशाने सत्याग्रहींवर लाठ्या चालवल्या होत्या. त्याचा उल्लेख चित्रपटात नाही. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटांवर परीनिरीक्षण होते, हे ध्यानात घेतले तरी गणपतचा चांगुलपणा हे पोलीस व्यवस्थेचे पूर्ण चित्र नव्हे, हे आपण विसरू नये.

४.३.५ तुलना : ‘अर्ध सत्य’

ही उणीव गोविंद निहलानी यांच्या ‘अर्ध सत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटाने मोठ्या प्रमाणात भरून काढली. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. अनंत वेलणकर ही भूमिका करणारे ओम पुरी पुण्याच्या उपरोक्त संस्थेतच शिकले होते. वडिलांच्या इच्छेखातर पोलीस झालेला, वरिष्ठ आणि राजकारणी यांच्या साखळीत अडकलेला हा फौजदार आपला कोंडमारा कोठडीतील एका किरकोळ चोरावर काढतो आणि तो चोर मरतो. शेवटी वेलणकर गुंड रामा शेट्टीचा खून करून स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो.

येथे व्यवस्थेचे वास्तव अधिक तीव्र आहे. तरीही एक कसोटी लावून पाहा. चित्रपट संपल्यावर आपल्याला हळहळ कोणाविषयी वाटते – वेलणकरविषयी, की त्या मेलेल्या चोराविषयी? केवळ वेलणकरविषयी वाटत असेल, तर आपल्यालाही अर्धेच सत्य दिसले आहे.

४.४ सारांश

गणवेश व चौकी यांची अचूकता म्हणजे वास्तवाभास. कारण आणि परिणाम यांची प्रामाणिक साखळी म्हणजे वास्तव. अडचण खोटेपणाने न सोडवता पात्राशी जोडणारी भावना म्हणजे भावसत्य. ‘माणूस’ व्यवस्थेविषयी मौन बाळगतो, तरी माणसांविषयी खोटे बोलत नाही. म्हणून तो आजही अर्थपूर्ण वाटतो.

४.५ सरावासाठी प्रश्न

१. वास्तवाभास आणि वास्तव यांतील फरक ‘माणूस’मधील उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. मैनेच्या नकाराच्या दोन्ही अर्थांची चर्चा करून आपले मत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिचयातील एखाद्या पोलीस कर्मचाऱ्यासोबत एक पोलीसपट पाहा. त्यांना जे खटकले आणि आपल्याला जे खटकले, त्यांची स्वतंत्र नोंद करा. दोन्ही नोंदींत फरक का पडला, यावर दीडशे शब्दांत टिपण लिहा.