लोहशिल्पीच्या भट्टीपाशी



ठाणे खाडीच्या चिखलात उभे असलेले रोहित पक्षी तुम्ही पाहिले असतील, निदान चित्रात तरी. काडीसारख्या दोन पायांवर हा पक्षी किती डौलात उभा असतो! आता असाच पक्षी लोखंडाचा करायचा आहे, चांगला पुरुषभर उंच. तो तेवढ्या बारीक पायांवर उभा राहील का? आणि राहिला, तर किती पावसाळे?

नवी मुंबईतील जुईनगर येथे एका लोहशिल्पीच्या शेडमध्ये मी गेलो, तेव्हा नेमका हाच प्रश्न भट्टीवर होता. जुईनगरच्या एका अंगाला कारखाने आहेत, तर दुसऱ्या अंगाला खाडी. कारखान्यांच्या बाजूने शिल्पासाठी भंगार मिळते. खाडीच्या बाजूने ते शिल्प खाणारा खारा वारा येतो. चला, हे काम पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहू.

रंग हाच तापमापक

पक्ष्याच्या पायांसाठी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेतलेला होता. तो कोळशाच्या भट्टीत ठेवून पंखा सुरू केला. पूर्वी हेच काम भाता करी. शेडमध्ये मुद्दाम अंधार ठेवलेला असतो. का, ते थोड्याच वेळात कळले.

भट्टीपाशी तापमापक नव्हता. पाटा काळसर तांबडा दिसू लागला, की तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस असते. गुंजेसारखा लाल झाला, की ७५० ते ८००. झेंडूसारखा नारिंगी झाला, की साधारण ९५०. आणि हळदीसारखा पिवळा झाला, की ११०० ते १२००. भर उन्हात काळसर तांबडा रंग दिसतच नाही. म्हणून तो अंधार!

तापलेली प्रत्येक वस्तू प्रारणे बाहेर टाकते. तापमान वाढेल तसा त्यांतील लहान तरंगलांबीचा वाटा वाढतो. म्हणून आधी तांबडा, मग पिवळा प्रकाश दिसतो. मात्र पिवळ्याधमक लोखंडाचीही बहुतेक ऊर्जा अवरक्त प्रारणांतूनच जाते. भट्टीपाशी चेहऱ्याला चटका बसतो तो त्यांचाच.

लोहार एवढी घाई का करतो, तेही गणिताने कळते. प्रारित ऊर्जा केवल तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ६०० अंश म्हणजे ८७३ केल्विन आणि १२०० अंश म्हणजे १४७३ केल्विन. सेल्सिअसचा आकडा दुप्पट झाला, पण त्याच पृष्ठभागातून जाणारी ऊर्जा सुमारे आठपट झाली. तेव्हा ऐरणीवर आणलेला पाटा झपाट्याने निवतो. घण घालायला मिळतात ते मोजके क्षण.

पाणी देणे

पाटा ठोकून पायाच्या आकारात आला. आता त्याला 'पाणी देणे' आले. तलवारीला किंवा विळ्याला पाणी देतात, हे तुम्ही ऐकले असेल. त्यामागे अणूंची मांडणी आहे.

थंड लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व एक मधोमध अशा रीतीने बसलेले असतात. शुद्ध लोखंडात ९१२ अंशांवर ही मांडणी बदलते आणि अणू कोपऱ्यांवर व सहा पृष्ठांच्या मध्यभागी येतात. पोलादात, कार्बनमुळे, हा बदल ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. नव्या मांडणीत कार्बनचे अणू सहज मावतात. जुनीत जवळजवळ मावत नाहीत. पोलाद सावकाश निवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो व पोलाद मऊ राहते. एकदम निववले, तर कार्बन आतच अडकतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कठीण, पण ठिसूळ होते.

येथे पाणी दिले ते तेलात बुडवून. तेल सावकाश उष्णता घेते, त्यामुळे पाट्याला तडा जाण्याचा धोका कमी होतो. पण एवढ्यावर थांबले, तर वाऱ्याच्या हेलकाव्याने पाय मोडायचा. म्हणून तो घासून चकचकीत केला व पुन्हा हळूहळू तापवला. पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग सुमारे ३०० अंशांना निळा रंग आला. हा रंग तापून निघालेल्या प्रकाशाचा नव्हे. तो ऑक्साइडच्या पातळ थरामुळे उमटतो, साबणाच्या फुग्यावर उमटतो तसा. निळ्यावर येताच पाटा बाजूला घेतला. आता पाय लवेल, पण मोडणार नाही.

खाऱ्या वाऱ्याशी गाठ

पाय भक्कम झाला, तरी काम संपत नाही. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले, की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल, तर त्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि पृष्ठभागावरच लहान लहान विद्युत्घट तयार होऊन गंजण्याचा वेग वाढतो. खारे पाणी साचते ते फटीत आणि जोडात, म्हणजे भार पडतो नेमक्या त्या जागी. म्हणून येथे प्रत्येक जोड पूर्ण भरून घेतात, पाणी ओघळून जाईल असा उतार ठेवतात आणि मगच रंगाचे लेप देतात.

ही काळजी किती मोलाची, हे सिंधुदुर्गात दिसले. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्याच पावसाळ्यात, कोसळला. चौकशी समितीच्या अहवालात गंज, सदोष वेल्डिंग आणि आतल्या सांगाड्याच्या आराखड्यातील चूक यांचा उल्लेख होता. बाहेरचे रूप डोळ्यांना दिसते. शिल्प उभे राहते ते आतल्या सांगाड्यावर आणि जोडांवर.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या उपस्थितीत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच करावा. शिवणाच्या दोन सुया घ्या. प्रत्येक सुई पकडीत धरून ज्योतीत लालबुंद करा. एक हवेत सावकाश निवू द्या, दुसरी लगेच पाण्यात बुडवा. मग जाड फडक्यात गुंडाळून दोन्ही वाकवा. एक वाकेल, दुसरी काडकन मोडेल. लोखंड तेच, कार्बन तोच. फरक केवळ निवण्याच्या वेगाचा!

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. लोखंड सुमारे ७७० अंशांवर लोहचुंबकाकडे ओढले जाण्याचा गुण गमावते. डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नसेल, तर लोहार या गोष्टीचा उपयोग कसा करील? उत्तर वर्गात मिळून शोधा, आणि रस्त्याकडेला भट्टी पेटलेली दिसली, तर जरा अंतर राखून पण अवश्य थांबा. तेथेही तुमच्याच पुस्तकातला धडा चालू असतो.