योहान ८ च्या खालची ती टीप



आजचं वाचन: योहान ७:५३ ते ८:११. आधी वाचून घ्या, मग इथे या. चहा संपायच्या आत होतं वाचून.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा हा उतारा म्हणजे माझ्या साक्षीचा उतारा. चार वर्षांपूर्वी माझा साखरपुडा मोडला, तेव्हा मंडळीत कारणं शोधणारे खूप जण होते, आणि बहुतेकांना कारण माझ्यातच सापडत होतं. त्या आठवड्यात आजीने मला जवळ बसवून हे वाचून दाखवलं. समजावलं काही नाही, फक्त वाचलं. दोष द्यायला आलेले एकेक करून निघून जातात आणि शेवटी येशू आणि ती स्त्री एवढेच उरतात, तिथे मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये डबा खाताना एक मित्र म्हणाला, "तुमचं बायबल म्हणजे कानगोष्टींचा खेळच की गं. याने त्याला सांगितलं, त्याने उतरवलं, मग भाषांतराचं भाषांतर..." आणि त्याने मोबाइल पुढे केला. एका इंग्रजी बायबलमधली याच उताऱ्याजवळची टीप होती: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. मला हे माहीतच नव्हतं. पुढचा घास घशाखाली उतरेना.

रविवारी तरुण संघात विचारलं, तर एका ज्येष्ठांनी "असे प्रश्न सैतान घालतो" म्हणून विषयच मिटवला. मला ते पटलं नाही. मग रात्री जागून मीच वाचत बसले.

आधी कानगोष्टींबद्दल. त्या खेळात साखळी एकच असते, प्रत्येक जण एकदाच ऐकतो आणि मागे जाऊन विचारता येत नाही. नव्या कराराच्या नकला अशा झाल्याच नाहीत. मिसरात वेगळ्या, सिरियात वेगळ्या, रोमकडे वेगळ्या अशा नकला होत गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच आजही शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येतात. नुसत्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या ५,००० च्या वर आहे. (हा आकडा स्टेजवरून जोरात सांगितला जातो, पण त्यातली बहुतेक नवव्या शतकानंतरची आहेत हे कुणी सांगत नाही. आपण सांगू या.) जुनी थोडीच आहेत, पण ती मोलाची आहेत. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, ८.९ बाय ६ सेंटिमीटर, तळहातात मावेल एवढा. पिलातापुढे येशू उभा आहे त्या योहान १८ मधल्या काही ओळी त्यावर आहेत. अक्षराच्या वळणावरून तो सहसा दुसऱ्या शतकातला मानतात. काही अभ्यासक थोडा नंतरचाही म्हणतात. इ.स. २०० च्या आसपासचं मानलं जाणारं पपायरस ६६ तर योहानाच्या शुभवर्तमानाचा मोठा भाग जपून आहे.

आणि भाषांतराचं भाषांतर? आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून काम केलं. हे मित्राला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला.

आता मूळ मुद्दा. पपायरस ६६ मध्ये ७:५२ नंतर थेट ८:१२ येतं. स्त्रीची गोष्ट नाहीच. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या प्रतींतही नाही. नंतरच्या काही प्रतींत ती चक्क लूक २१ च्या शेवटी सापडते, म्हणजे नक्कल करणाऱ्यांनाही ती कुठे ठेवावी हे नक्की ठाऊक नव्हतं. पण हे सगळं आपल्याला कळलं कसं? जुन्या प्रती शिल्लक आहेत म्हणूनच ना! खरोखर कानगोष्टी असत्या, तर बारा वचनं मागाहून आत आली हे कुणाला कधी कळलंच नसतं. माझ्या मित्राने दाखवलेली टीप त्याच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते.

मग गोष्ट खोटी का? तसंही नाही. येशूपुढे आणलेल्या अशा एका स्त्रीची गोष्ट तिसऱ्या शतकातल्या सिरियातल्या एका मंडळीच्या नियमपुस्तकात येते. पापियासलाही अशीच एक गोष्ट माहीत होती, असं युसेबियस लिहितो. माझं मत विचाराल तर ही येशूची जुनी, खरी आठवण आहे, पण योहानाने लिहिलेली नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. फक्त टीप वाचून मग ठरवा.

एक गोष्ट मात्र मिसळू नका. नकला नीट झाल्या म्हणजे लिहिलेलं सगळं घडलंच, हे त्यातून सिद्ध होत नाही. तो वेगळा प्रश्न. त्यासाठी दुसरे पुरावे बघावे लागतात: १९६१ साली कैसरियात सापडलेला पिलाताच्या नावाचा दगड, किंवा डेल्फीचा शिलालेख, ज्यावरून प्रेषित १८ मधल्या गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२ च्या सुमारास ठरतो. यावरून लिहिणाऱ्याला आपला काळ आणि अधिकारी माहीत होते एवढं कळतं. पुनरुत्थान दगडावर कोरलेलं सापडणार नाही. आणि अडचणीही आहेत. लूक २:२ मधला क्विरीनिय घ्या: योसेफसप्रमाणे त्याची नावनिशी इ.स. ६ ची, आणि हेरोद तर इ.स.पू. ४ मध्येच वारलेला. यावर उत्तरं बरीच दिली जातात, मला अजून एकही पूर्ण पटलेलं नाही. तरी मी लूक वाचते.

सगळ्यात अवघड होतं आजीला सांगणं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी आता हे वाचायचं की नाही?" मी म्हटलं, "वाच गं." तिने चष्मा शोधला.

उद्यासाठी: योहान ७:५२ वाचून थेट ८:१२ वर जा, पपायरस ६६ सारखं. सणाच्या त्या गर्दीत येशू काय बोलतो ते सलग ऐका.

प्रार्थना: प्रभू, आमच्या तरुण संघात जो कुणी प्रश्न गिळून बसला आहे त्याला विचारायला धीर दे, आणि आम्हाला ऐकून घ्यायला. आमेन.