कात ओढू नकोस, आधी तापमान बघ

अगं, घरात बिअर्डेड ड्रॅगन आणलास हे कळल्यापासून तुझ्याशी निवांत बोलायचं होतं. बोईसरमध्ये तुला जो तो हेच सांगणार, ‘इथे आधीच एवढं उकडतंय, त्या सरड्याला दिवा कशाला हवा?’ त्यांचं ऐकू नकोस. आपला उकाडा घामाचा, दमट. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मधल्या, कोरड्या मुलखातला. तिथे तो सकाळी ओंडक्यावर चढून अंग शेकून घेतो आणि पुरेसं तापलं की सावलीत सरकतो. अंगातली ऊब त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, अंगात तरतरी राहत नाही आणि कातही धड सुटत नाही.

म्हणून पेटीत दोन टोकं हवीत. एका टोकाला दिव्याखाली त्याची बसायची जागा, तिथला पृष्ठभाग 38 ते 42 अंशांवर. दुसरं टोक 25 ते 29 च्या दरम्यान. मधे त्याला हवं तसं हिंडू दे. पेटी लांबीला चार फूट असली की हे जमतं. लहान काचपेटीत सगळीकडे सारखंच तापतं आणि त्याला पळायला जागाच उरत नाही.

काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर माझा अजिबात विश्वास नाही. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, आणि ते सुद्धा अंदाजे. एमआयडीसीत प्लँटवर काम करणाऱ्या कुणालाही विचार, पाइप किती तापलाय ते बघायला पिस्तुलासारखा थर्मामीटर वापरतात. तसा एक घे आणि सरडा बसतो त्या दगडावर नेम धरून आकडा बघ. कोविडच्या वेळी घेतलेली कपाळाची गन चालणार नाही, ती माणसाच्या तापासाठी बनवलेली असते. थंड टोकाला साधा डिजिटल थर्मामीटर पुरे. विजेवर तापणारा दगड मात्र आणू नकोस, पोट भाजतं आणि त्याला ते वेळेवर कळत नाही.

रात्री दिवे बंद. लाल बल्बही नको. रात्री 18 ते 24 अंश त्याला चालतात आणि आपल्याकडे घरात त्याखाली पारा क्वचितच जातो. तेवढे पैसे यूव्हीबी ट्यूबसाठी ठेव, कारण तिच्याशिवाय त्याची हाडं मऊ पडतात. ट्यूब आणि त्याच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको, त्यातून ते किरण जात नाहीत. आणि ट्यूब पेटतेय म्हणजे ठीक आहे असं समजू नकोस, साधारण वर्षाने ती बदलावी लागते.

मे महिन्यात काळजी उलटी. खोलीच 34 वर गेली की थंड टोक थंड राहत नाही. तेव्हा कमी वॅटचा दिवा लाव, दुपारी पंखा किंवा एसी चालू ठेव. शेकताना तोंड उघडून बसला तर घाबरू नकोस, जास्तीची उष्णता तो तशीच बाहेर टाकतो. पण थंड टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर पेटी जास्त तापलीय. तिथेही आकडा बरोबर असेल तर छातीचा आजार असू शकतो, डॉक्टर गाठ. काचपेटी गॅलरीत उन्हात ठेवणं तर साफ नको, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

आता कातीचं. साप टाकतो तशी अख्खी कात हा टाकत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते. आधी रंग फिका, पांढुरका होतो, मग जेवण कमी, स्वभाव चिडका. पिल्लं दर काही आठवड्यांनी कात टाकतात, मोठे वर्षातून मोजक्या वेळा. सुटत आलेला तुकडा दिसला की हात शिवशिवतात, पण ओढू नकोस गं. खालची कातडी तयार नसेल तर जखम होते. घासायला खडबडीत दगड आणि लाकूड दे. अगदीच अडली तर कोमट पाण्यात, खांद्यापर्यंतच, दहा-पंधरा मिनिटं बसव. मग नीट पुसून दिव्याखाली सोड आणि साबणाने हात धू. त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, म्हणून स्वयंपाकघराचं सिंक त्यासाठी नको.

पाठीवर कात राहिली तर घाई नाही. बोटं आणि शेपटीचं टोक मात्र जवळून बघ. तिथे जुन्या कातीचं कडं राहिलं की दर वेळी त्यावर नवं चढतं, ते आवळत जातं, रक्त पोचत नाही आणि बोट काळं पडून गळतं. प्रत्येक वेळी वीसही बोटं एकेक करून तपास.

पावसाळ्यात तर विशेष लक्ष दे. दमट हवेत कात सहज निघेल असं वाटतं, पण त्याला 30-40 टक्के आर्द्रता मानवते आणि जुलैत आपल्या भिंतींनाही ओल येते. सतत दमट राहिलं की छाती भरते, कातडीवर बुरशी येते. पिवळट-तपकिरी, खपलीसारखे डाग दिसले आणि ते कातीबरोबर गेले नाहीत, तर ती अडकलेली कात समजून भिजवत बसू नकोस. एक बुरशी अशीच दिसते आणि ती आत पसरते. पाण्याचं भांडं लहान ठेव, थंड टोकाला. जाळीचं झाकण मोकळं असू दे, एसीचा ड्राय मोड असेल तर वापर. वीज गेली तर काही तास तो सहज काढतो, फक्त दिवा परत लागेपर्यंत खायला देऊ नकोस.

आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्रीच बघतात. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर मुंबईत आहेत, म्हणजे बोईसरहून गाडीने दोनेक तास. बोट काळं पडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा फोन नंबर आजच मिळवून ठेव.